चारही चाकांची गाडी आणि दोह्याचा उन्हाळा

कतारमध्ये पाच-सात वर्षे काढलेल्या मराठी घरासमोर बहुधा एक जुनी फोर-व्हील गाडी उभी असते. कुणाची पजेरो, कुणाची प्राडो, कुणाची सीआर-व्ही, तर एखाद्या हौशी गृहस्थाची सुबारू फॉरेस्टर. ‘फायनल एक्झिट’वर निघालेल्या कुणाकडून तरी ती घाईघाईत घेतलेली असते, किंमत वाजवी पडलेली असते आणि मुले सीलाइनच्या वाळूची स्वप्ने पाहत असतात. गाडी दहा-बारा वर्षांची. पहिला हिवाळा मजेत जातो. मग मे महिना उजाडतो आणि गाडीचे खरे वय कळू लागते.

अशा गाडीची निगा कशी राखावी, याबद्दल मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत हमखास चर्चा होते. पण ती बहुधा ‘इंडस्ट्रियल एरियात अमुक स्ट्रीटवरचा मेकॅनिक चांगला’ इथवर येऊन थांबते. मेकॅनिक चांगला हवाच. पण आपल्या गाडीच्या पोटात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर चांगल्या मेकॅनिकलाही नीट प्रश्न विचारता येत नाही. म्हणून आधी थोडे शास्त्र आणि मग तेल-पाणी.

शाळेच्या संचलनात रांग वळताना आपण सर्वांनी पाहिली आहे. आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब ढांगा टाकतो. गाडी वळते तेव्हा चाकांचे असेच होते. बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर त्यांतले एक घसटत जाईल. ते होऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये डिफरन्शियल असतो. ताकद दोघांना मिळते, पण ज्याला जितके फिरायचे तितके फिरू दिले जाते. आता ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही जोड्यांना द्यायची म्हटली की तिसरा प्रश्न उभा राहतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. म्हणजे पुढच्या आणि मागच्या जोडीच्या मध्येही काहीतरी सैल जोड हवा. हा मधला जोड कसा आहे, यावरून गाडीची जात ठरते.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जुळणी सुरू केलेल्या विलीज जीपमध्ये मधला जोड नव्हताच. एरवी मागची दोन चाके गाडी ढकलत आणि चिखल आला की लिव्हर ओढून पुढची दोन जोडायची. पक्क्या सडकेवर ती तशीच जोडून ठेवली तर स्टिअरिंग जड होई आणि गिअर सुटता सुटत नसत. निसान पॅट्रोलच्या जुन्या गाड्या याच घराण्यातल्या. दुसरे घराणे कायम चारही चाकांवर चालणाऱ्यांचे. यांत मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो. १९६६ ची जेन्सन एफएफ ही अशा रचनेची पहिली विक्रीला आलेली मोटार. १९८० च्या ऑडी क्वात्रोने ही कल्पना गाजवली आणि आपल्या ओळखीची प्राडो याच पंथातली. तिसरे घराणे ‘गरज पडली तरच’वाल्यांचे. १९९५ साली जपानमध्ये आलेली होंडा सीआर-व्ही एरवी पुढच्या चाकांवर चालते. पुढचे चाक घसरले की मागच्या डिफरन्शियलमधले दोन तेलाचे पंप कमी-जास्त वेगाने फिरतात, दाब तयार होतो आणि मागची चाके आपोआप जोडली जातात. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. पजेरोचे ‘सुपर सिलेक्ट’ हे पहिल्या दोन घराण्यांचे मिश्रण आहे. तिच्या लिव्हरवर ‘फोर-एच’ ही जागा डांबरी रस्त्यावर चालते, पण त्यापुढची ‘फोर-एच-एल-सी’ ही जागा मधला डिफरन्शियल बांधून टाकते. ती वाळूसाठीच. कॉर्निशवर त्या जागेत गाडी चालवणारे महाभाग आहेत. गाडी वळणावर उड्या मारते आणि मग सस्पेन्शनला दोष दिला जातो.

आपली गाडी कोणत्या घराण्यातली, हे एकदा मालकाच्या पुस्तिकेतून नक्की करून घ्यावे. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

चारही चाकांच्या गाडीत सगळ्यात महाग चूक सगळ्यात साध्या जागी होते, आणि ती जागा म्हणजे टायर. दोन टायर झिजले की दोनच बदलायचे, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब साध्या गाडीला चालतो. इथे तो अंगाशी येतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि झिजलेल्याची ३. म्हणजे त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३६० मिलिमीटर त्रिज्येचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरे घेते, आणि या फरकामुळे जुने चाक त्याच किलोमीटरमध्ये सहा फेरे जास्त घेते. दोहा ते दुखान ८० किलोमीटर धरा. पुढच्या-मागच्या चाकांत पाचशेच्या घरात फेऱ्यांचा फरक पडला, तोही सरळ रस्त्यावर. वळणापुरते काम करायचे म्हणून बसवलेला मधला जोड आता अखंड राबतो आहे. साधा डिफरन्शियल हे बराच काळ सहन करतो. पण जिथे व्हिस्कस कपलिंग किंवा क्लचच्या प्लेटा आहेत, तिथे ही ओढाताण उष्णता होऊन बाहेर पडते. व्हिस्कस कपलिंग म्हणजे सिलिकॉनच्या दाट तेलात बुडालेल्या भोकाभोकांच्या चकत्या. तेल तापले की फुगते आणि चकत्या जवळजवळ चिकटतात. असे वारंवार झाले की कपलिंग कायमचे आखडते. सुबारू कंपनी चारही टायरच्या घेरांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नको म्हणते. पाव इंच घेर म्हणजे त्रिज्येत जेमतेम १ मिलिमीटर!

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांची ऑटोमॅटिक फॉरेस्टर पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना अडखळू लागली, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मुलांना शाळेत सोडायचे काम वहिनींकडे होते. त्यांनी दोन महिने सांगितले, पण सकाळच्या घाईत ते कुणी मनावर घेतले नाही. शेवटी एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितले. अंदाजपत्रक गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. नोकरीचा करार संपत आलेला, नवा होईल की नाही हे नक्की नाही. अशा वेळी एवढे पैसे गाडीत घालायचे की ती भंगारात काढायची? घरात वाद झाले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ती एका वयस्कर कोळिकोडच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडून फ्यूज बॉक्समधल्या एका रिकाम्या खाचेत साधा फ्यूज बसवला. त्या पिढीच्या ऑटोमॅटिक सुबारूत मागची चाके तात्पुरती सोडवण्यासाठी ही खाच ठेवलेली असते. आता पूर्ण वळण घ्या म्हणाला. अडखळणे गायब. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता आणि मागे ताकद पाठवणारा क्लच धरून बसला होता. मग त्याने चारही टायर टेपने मोजले. मागचे दोन नवे आणि वेगळ्या कंपनीचे, पुढचे दोन गुळगुळीत. चार सारखे टायर आणि दोन-तीनदा बदललेले गिअर ऑइल, एवढ्यावर काम भागले. फ्यूज काढून ठेवला. क्लचच्या प्लेटा जळल्या असत्या तर एवढ्यावर भागले नसते, हेही त्याने स्पष्ट सांगितले.

ही चाचणी कुणालाही करता येते. शुक्रवारी सकाळी एखादे रिकामे पार्किंग गाठावे, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश आठच्या आकड्यात गाडी फिरवावी. अडखळली तर मधला जोड बघा. टक-टक-टक असा आवाज आला तर पुढचा सीव्ही जॉइंट. जुन्या सीआर-व्हीत मागून कण्हल्यासारखा आवाज आला तर बहुतेक वेळा मागच्या डिफरन्शियलचे तेल जुने झालेले असते. त्याला होंडाचेच खास तेल लागते, साधे गिअर ऑइल चालत नाही. ते बदलणे हे अशा गाडीतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम आहे.

तेलांवरून आठवले. गॅरेजमध्ये ‘ऑइल चेंज’ म्हटले की इंजिनचे तेल बदलले जाते आणि बिल हातात येते. चारही चाकांच्या गाडीत इंजिनशिवाय गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल आणि बहुतेकींत ट्रान्सफर केस, इतक्या ठिकाणी वेगवेगळे तेल असते. ते कुणी आपणहून विचारत नाही. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाने काय सांगितले ते नम्रपणे ऐकून घ्यावे आणि ही सगळी तेले एकदा बदलून टाकावीत. तेथून आपला हिशेब सुरू. आणखी एक सूचना: काढण्याचा बोल्ट उघडण्याआधी भरण्याचा बोल्ट उघडतो का ते मेकॅनिकला बघायला सांगावे. वरचा गंजून बसलेला असेल आणि खालचे तेल वाहून गेलेले असेल, तर गाडी तिथेच मुक्कामाला राहते. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीसिंगचे निपल असतील तर ग्रीस भरून घ्यावे. वाळूत जाऊन आल्यावर तर नक्कीच.

कंपनीच्या पुस्तिकेत साधारण वापर आणि कठीण वापर असे दोन तक्ते असतात. कतारमध्ये दुसराच तक्ता वाचावा. देश लहान, रस्ते सपाट, मग कठीण कसले, असे वाटते खरे. पण आपली गाडी घर-शाळा-ऑफिस अशा छोट्या फेऱ्या करते, सिग्नलला उभी राहून एसी ओढते आणि धूळ खाते. इंजिन ऑइल ५,००० किलोमीटरला बदलावे, या इथल्या रिवाजाला जुन्या इंजिनाच्या बाबतीत तरी माझा पाठिंबा आहे. एअर फिल्टर दर ऑइल चेंजला काढून बघावा. शमालचे वारे चार दिवस वाहिले की लगेच बघावा.

आता उन्हाळा. १४ जुलै २०१० रोजी दोह्यात ५०.४ अंश तापमान नोंदले गेले. हा हवामान खात्याचा सावलीतला आकडा. डांबरावर बॉनेटच्या आत काय असेल, याची कल्पना करावी. पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते आणि कूलंटमुळे उकळबिंदू आणखी वर जातो. दोन्ही मिळून ही मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर गेले की दाब जातो आणि हे सगळे संरक्षण संपते. ते झाकण हा गाडीतला बहुधा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे आणि तो सगळ्यात शेवटी बदलला जातो! ‘इथे कुठे बर्फ पडतो, साधे पाणी घाला’ असे सांगणारे भेटतात. कूलंट बर्फासाठी नसून उकळी लांबवण्यासाठी आणि आतला गंज रोखण्यासाठी असते. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी, हे प्रमाण इथेही योग्यच.

प्राडो, पजेरो, पॅट्रोल यांसारख्या उभ्या बसवलेल्या इंजिनांत पंख्याला बहुधा व्हिस्कस क्लच असतो. गरम झाले की तो पंख्याला घट्ट धरतो. तो म्हातारा झाला की एक खूण दिसते: हमरस्त्यावर काटा ठीक असतो आणि ट्रॅफिकमध्ये चढतो. हमरस्त्यावरच काटा चढत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे असे समजावे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मध्ये वाळू, किडे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे जाऊन बसतात. समोरून पाण्याचा फवारा मारला की ते आणखी आत जातात. दोघांना वेगळे करून मागच्या बाजूने धुवायला सांगावे. एप्रिलमध्ये अर्धा दिवस यात गेला तर जुलै सुखाचा जातो.

टायमिंग बेल्टचे मात्र नशिबावर सोडू नये. ज्या इंजिनांत साखळी आहे, जसे ४ लिटरच्या प्राडोत, त्यांची चिंता नाही. ३.५ आणि ३.८ लिटरच्या पजेरो, जुन्या सुबारू आणि पहिल्या पिढीच्या सीआर-व्हीत रबराचा बेल्ट आहे. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. सोबत वॉटर पंप आणि टेन्शनरही बदलावेत, कारण मजुरी तीच पडते.

कुटुंब घेऊन जाताना काटा चढू लागला तर काय करावे, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. आधी एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा आणि काचा उघडाव्यात. जुलैत ही तपश्चर्याच आहे, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो. काटा तरीही उतरला नाही, वाफ दिसली किंवा खाली पाणी गळू लागले की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. झाकणाला हात लावू नये, तासभर तरी नाही. एसी बंद पडलेल्या गाडीत मुलांना बसवून ठेवू नये. रस्त्यापासून दूर सावलीत न्यावे, सावली नसेल तर गाडीच्या सावलीत, पण रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. कुणाला गरगरू लागले तर ९९९ ला फोन करायला संकोच नको. मे ते सप्टेंबर माणशी दोन लिटर पाणी गाडीत ठेवावे, घरापासून मॉलपर्यंत जायचे असले तरी.

बॅटरी पुण्यात चार वर्षे चालत असेल, इथे दोन चालली तर आभार मानावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनंतर रबरावर विश्वास ठेवू नये. टायरवर उष्णतेची अ-ब-क सारखी इंग्रजी अक्षरांची श्रेणी असते. त्यातली पहिलीच घ्यावी.

वाळूबद्दल थोडक्यात. मिसईदच्या पुढे सीलाइनला वाळू सुरू होते. तिथे टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. परतताना हवा भरून घेतल्याशिवाय डांबरावर वेग घेऊ नये. मऊ टायर तापून फुटतो. सीआर-व्ही किंवा फॉरेस्टर घेऊन उंच टेकड्यांच्या नादी लागू नये. त्यांचे जोड ओल्या रस्त्यासाठी बनवलेले आहेत, तासभर वाळू उपसण्यासाठी नव्हेत. खोर अल-अदैदकडे भरतीच्या वेळी काहीजण पाण्यातून गाडी काढतात. तापलेला डिफरन्शियल एकदम थंड झाला की त्याच्या श्वासनळीतून खारे पाणी आत ओढले जाते. आठवड्याभरात बोल्ट उघडून बघावा. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर लगेच बदलावे. सबखाचा खारट चिखलही तितकाच वाईट. परतल्यावर गाडी खालून धुवायलाच हवी.

सुट्या भागांचे म्हणाल तर इथला बाजार दीर्घकाळ दुबई-शारजावर अवलंबून होता. ५ जून २०१७ ला शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या. अबू समरा नाक्यावरून येणारा माल थांबला आणि ओमानमधल्या सोहार-सलालाह बंदरांमार्गे सामान येऊ लागले. जानेवारी २०२१ मध्ये मार्ग पुन्हा खुले झाले. त्या काळाने जुन्या गाडीवाल्यांना एक सवय लावली आणि ती आजही उपयोगी आहे: पंख्याचा बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, थर्मोस्टॅट आणि झाकण हा संच घरात आधीच आणून ठेवणे. दुकानात जाताना इस्तिमाराचा फोटो जवळ ठेवावा, त्यावर चेसिस नंबर असतो. नुसते ‘प्राडो २००८’ म्हटले तर तीन प्रकारचे भाग समोर येतात. ब्रेक, स्टिअरिंग, बेल्ट आणि कूलिंग यांत असलीच माल घ्यावा. दरवाज्याचे हँडल, दिव्याची काच यांसाठी स्क्रॅपयार्ड उत्तम. स्क्रॅपमधला गिअरबॉक्स म्हणजे लॉटरी.

गाडी जुनी झाली की दरवर्षी इस्तिमारा नूतनीकरणाआधी फाहेसच्या केंद्रावर तपासणी होते. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, धूर, खालची तेलगळती. अनेकांना ही कटकट वाटते. मला ती वर्षातून एकदा मिळणारी त्रयस्थ डॉक्टरची तपासणी वाटते, कारण तिथल्या माणसाला आपल्याला भाग विकायचा नसतो. तारखेच्या महिनाभर आधी जावे. नापास झालात तर दुरुस्तीला सवड राहते आणि घाईत वाटेल ती किंमत मोजावी लागत नाही.

ठेवायची की विकायची, याचा हिशेब भावनेवर करू नये आणि शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर तर नाहीच. वर्षभरातल्या दुरुस्तीला बाराने भागावे आणि नव्या गाडीच्या मासिक हप्त्याशेजारी मांडावे. बहुतेक वेळा जुनी गाडी जिंकते. मात्र चेसिसला सबखाचा गंज लागला असेल, किंवा गाडी एका उन्हाळ्यात दोनदा भर रस्त्यात बंद पडली असेल, तर आकडे काही म्हणोत, लहान मुले असलेल्या घराने ती काढावी. काढताना दुरुस्तीची वही आणि पावत्यांची फाइल घेणाऱ्याच्या हाती द्यावी.

राहिली एक गोष्ट. गाडी बंद पडली आणि रिकव्हरीवाला आला की तो पुढची दोन चाके उचलून मागची जमिनीवर फिरवत न्यायला तयार असतो. साध्या गाडीला ते चालते. चारही चाकांच्या गाडीत मागची चाके फिरली की मधला जोड आतून फिरतो, तापतो, आणि पन्नास रियालच्या बेल्टपायी बंद पडलेली गाडी गॅरेजला पोचेपर्यंत काही हजारांची झालेली असते. फोनवरच ‘सतहा’ पाठवा म्हणावे, म्हणजे सपाट फळीचा ट्रक. चारही चाके फळीवर चढलेली बघावीत, आणि मगच त्याच्या शेजारी बसावे.